पुरात भिजलेला १९०८ चा बंगला : कंत्राटदार सिमेंट म्हणतोय, काय करावं? बडोदा

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय. सयाजीगंजात आमचं जुनं घर आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात होते, त्यांनी १९०८ मध्ये बांधलं. खाली चार खोल्या, वर माडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला बिडाचा नक्षीदार कठडा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांवर गेली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात मांडीभर पाणी होतं आणि ते लवकर उतरलंही नाही. चिखल उपसला, फिनेल ओतलं, अर्धं फर्निचर टाकून दिलं. तेव्हापासून भिंतींशी मारामारी चालू आहे.

भिंती दीड फुटी, विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. दिवाणखान्यात काकांनी नव्वदच्या सुमारास आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारून घेतला होता. मागच्या कोठीच्या खोलीला मात्र कुणी हात लावला नाही, तिथे अजून जुना चुनाच आहे. पाणी दोन्हीकडे सारखंच चढलं होतं. कोठीची खोली थंडीत बऱ्यापैकी वाळली, भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली एवढंच. दिवाणखान्यात ओल माझ्या डोक्याच्याही वर गेली. रंगाला पुऱ्यांसारखे फुगे येतात, फुगा दाबला की आतून पांढरं पीठ आणि विटेचा लाल चुरा खाली गळतो.

कंत्राटदार म्हणतो, सगळा जुना चुना खरवडून टाका, चार फुटांपर्यंत वॉटरप्रूफ केमिकल घालून सिमेंट आणि त्यावर टाइल. ‘दस वरस सुधी जोवुं नहीं पडे’, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्याला इथे होमस्टे काढायचाय. त्याचं म्हणणं, खर्च करायचाच तर दर्शनी बाजूला कमानी आणि छोटे मनोरे काढून जरा ‘ब्रिटिश लुक’ द्यावा. कठड्याच्या दोन जाळ्या पुरात वाहून आलेल्या खोडाने फोडल्या, एक कुठे गेली पत्ता नाही. भाऊ म्हणतो तिथे फायबरच्या लावू.

शिवाय दोन किरकोळ गोष्टी. एका संगमरवरी टेबलावर चिखलाचे डाग बसलेत, शेजारी सांगतात ॲसिडने धुवा. आणि रविवर्मा छापखान्याचं लक्ष्मीचं चित्र भिजून काचेला चिकटलंय.

आमच्या घरात असं सांगतात की बंगल्याचा नकाशा लक्ष्मी विलास पॅलेसवाल्या मँटसाहेबाने काढला होता. त्यामुळे उगाच काही बिघडवायला हात धजत नाही. कुणी असं काम जवळून पाहिलं असेल तर सांगा.

पक्कं_काम

कंत्राटदार बरोबर सांगतोय. चुना आता कुणाला येत नाही, आणि आलाच तर परवडत नाही. माझ्या सासऱ्यांच्या घरी पाच फुटांपर्यंत टाइल लावली, ओल दिसायची बंद झाली. प्रश्न संपला.

चुनखडी

‘दिसायची’ बंद झाली, हे बरोबर लिहिलंत.

विश्वामित्रीकाठ, मी बांधकामावर देखरेख करणारी बाई, आता निवृत्त, दांडिया बाजारात राहते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर बरीच वर्षं उन्हात उभी राहिले आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी मँटसाहेबाचा निकाल लावू. मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. लक्ष्मी विलासचं काम त्याच्यामागे चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने हाती घेतलं आणि १८९० मध्ये पुरं केलं. १९०८ च्या घराचा नकाशा काढायला मँट कुठून येणार? बडोद्यातल्या दर तिसऱ्या जुन्या बंगल्यात मी ही कथा ऐकली आहे, कुठे मँट असतो, कुठे चिझम. तुमचं घर कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशाळेत, शिकलेल्या एखाद्या ओव्हरसिअरने उभं केलं असण्याचा संभव जास्त, ते १८९० पासून चालूच होतं. मला विचाराल तर त्यात कमीपणा काही नाही. त्या माणसाला इथलं ऊन आणि इथली काळी माती कुणी शिकवावी लागली नसेल.

आता भिंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच दोन खोल्यांनी देऊन ठेवलंय. पाणी सारखं, विटा सारख्या, चुना सारखा. फरक फक्त वरच्या गिलाव्याचा. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर येते आणि उडून जाते. सिमेंट आणि ऑइलपेंटमधून तिला वाट मिळत नाही. मग ती भिंतीच्या आतल्या आत वर चढते, जिथे गिलावा संपतो किंवा भेगाळलेला असतो तिथे बाहेर पडते. येताना जमिनीतले आणि पुराच्या पाण्यातले क्षार घेऊन येते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात, आणि खडे फुगताना विटेचं तोंड फोडतात. तुम्ही लिहिलेला लाल चुरा तो हाच. आपल्याकडच्या जुन्या विटा मऊ, कमी भाजलेल्या. त्यांच्या सोबतीला चुना ठेवला होता तो त्यांच्याहूनही मऊ, म्हणजे झिजायचं तर चुन्याने झिजावं, वीट शाबूत राहावी. चुना पुन्हा भरता येतो. सिमेंटने हा हिशोब उलटा केला. टाइल लावली की ओल चारऐवजी सात फुटांवर दिसेल, आणि टाइलच्या मागे काय चाललंय ते काही वर्षांनी टाइल विटेसकट हातात येईल तेव्हा कळेल.

बरं, १९०८ मध्ये सिमेंट होतं कुठे? पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. त्याआधी विलायतेहून पिंपांतून यायचं, ते असल्या घरच्या कामाला कोण आणणार? तुमचं घर नखशिखांत चुन्याचं आहे. खात्री करायची तर कोठीच्या खोलीतून सुपारीएवढा गिलाव्याचा तुकडा काढा, काचेच्या ग्लासात ठेवा, वर मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) थेंब थेंब सोडा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फसफसून चुना विरघळेल आणि तळाशी रेती उरेल. उरलेला गाळ धुऊन कागदावर पसरा. लालसर कण दिसले तर ती सुरखी, विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतसुद्धा धरतो. माझा अनुभव असा की इथल्या जोत्यापासून कमरेपर्यंतच्या गिलाव्यात सुरखी सापडते, वर सापडत नाही. खर्च कुठे करायचा हे त्या लोकांना ठाऊक होतं.

कामाचा क्रम सांगते. दिवाणखान्यातलं सिमेंट काढा, पण छिन्नी आणि लहान हातोडीने, वरून खाली. मशीन लावू देऊ नका, सिमेंटबरोबर विटेची कातडी सोलून येते. काही ठिकाणी ते इतकं घट्ट बसलेलं असेल की वीटच सुटायला लागेल. तिथे हट्ट करू नका, तेवढं तसंच राहू दे. कोठीतला जुना चुना खरवडायचा प्रश्नच नाही. पोकळ वाजतो तेवढाच काढा, बोटाच्या पेराने ठोकत गेलात की आवाजाने कळतं.

भिंत उघडी पडली की पांढरा लोणा, म्हणजे वर आलेले क्षार, कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद अंथरून, आणि तो कागद घराबाहेर नेऊन टाकायचा. पाण्याने धुवायचा नाही! सगळे तेच करतात. पाणी मारलं की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. झाडून पुन्हा येईल, पुन्हा झाडा. फारच असेल तर कच्च्या चुन्याचा पातळ, मुद्दाम अशक्त गिलावा मारून ठेवायचा. तो क्षार ओढून घेतो, खराब झाला की काढून फेकायचा. त्याला मरण्यासाठीच लावतात, तेव्हा त्यावर रंगरंगोटी नको.

आणि मग थांबायचं. कंत्राटदाराला हेच नको असतं. भिजलेली भिंत चांगली हवा असेल तर महिन्याला इंचभर वाळते असा ढोबळ अंदाज आहे. तुमची भिंत १८ इंची. कोठीची खोली सुटली कारण तिला पहिल्या दिवसापासून श्वास मिळाला, दिवाणखान्याची भिंत खरी वाळायला सुरुवात सिमेंट निघाल्यावरच होणार. पंखे लावा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

गिलावा आत्ता उन्हाळ्यात करू नका. बडोद्याच्या ४२ अंशांत चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि खवल्यांसारखा सुटतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्यासाठी त्याला ओलावा लागतो. भिंत वाळली असेल तर पावसाळा उलटल्यावर करा, गोणपाट भिजवून भिंतीवर टांगा. एका थराची जाडी अर्ध्या इंचाच्या वर नको, आणि पहिला थर बोटाच्या नखाला दाद देईनासा झाल्याशिवाय दुसरा नको.

माल म्हणाल तर कळीचा, म्हणजे न विरलेल्या खड्यांचा चुना घ्या. पाकिटातली सफेदीची पावडर चालणार नाही. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी कळी. उलट केलंत तर तोंडावर उडेल. चष्मा लावल्याशिवाय कुणाला जवळ फिरकू देऊ नका, आणि प्लास्टिकची टाकी तर अजिबात नको, मी एक वितळलेली पाहिली आहे. कळी विरताना पिंप अक्षरशः गुरगुरतं. विरलेला चुना गाळून पाण्याखाली ठेवून द्या. आज विरवलात तर दिवाळीनंतर लोण्यासारखा होईल, थांबायच्या काळात हेच काम करून ठेवायचं. रेती ओरसंग नदीची मिळाली तर बघा, धुऊन घ्या. एक भाग चुना, दीड भाग रेती, दीड भाग सुरखी इथून सुरू करा आणि कोपऱ्यात हातभर तुकडा लावून बघा. गूळ, मेथी, बेलफळ, उडीद याबद्दल लोक फार बोलतात. ते घालतात, त्याचे गुणही आहेत, पण चुना नीट विरलेला नसेल तर बेलफळ काय करणार?

बडोद्याच्या वाडी भागातला एक म्हातारा कडिया (गवंडी) माझ्याकडे काम करायचा. माल झाला का हे तो असं बघायचा : थापीवर गोळा घ्यायचा, एकदा आपटायचा आणि थापी उलटी करायची. गोळा लटकून राहिला तर कामाला हात, पडला तर ‘हजी कूटो’, अजून कुटा. इंजिनिअर लोक प्रयोगशाळेचे कागद घेऊन यायचे तेव्हाही तो आधी थापी उलटी करायचा, आणि मी त्याच्याकडे बघून सही करायचे.

टेबलाला ॲसिड लावायचं नाही. संगमरवर आणि चुना एकाच कुळातले. वरच्या ग्लासात जे गिलाव्याचं झालं तेच टेबलाचं होईल. चिखलाचा डाग असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला टिश्यू पेपरचा लगदा त्यावर थापा आणि पूर्ण सुकू द्या. सुकताना तो डाग वर ओढून घेतो. एकदा नाही गेला तर पुन्हा. यावरून आठवलं, मुंबईतला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आपल्या खंडेराव महाराजांनी दिलेला, १८७२ चा. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं. भलेभले प्रयत्न करून थकले, आणि शेवटी तो डाग काढला कुणी, तर आपल्या कलाभवनाच्या प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जरांनी, रसायनं वापरून. म्हणजे पुतळा बडोद्याच्या पैशाचा आणि सफाई बडोद्याच्या विद्येची. डांबराबद्दल मात्र माझी सहानुभूती चापेकरांकडेच आहे.

कागदकाम

लक्ष्मीच्या चित्रापुरतं लिहितो. काचेपासून ओढू नका, सुरी तर घालूच नका. ओलिओग्राफवर, म्हणजे असल्या तैलचित्रासारख्या छापील चित्रावर, वॉर्निशचा थर असतो, तोच काचेला चिकटलेला असतो, आणि ओढलं की देवीचा चेहरा काचेवर जातो, कागद तुमच्या हातात राहतो. फ्रेमची मागची फळी काढून चित्र काचेसकट आडवं ठेवा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. उन्हात नको. काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी, ओल्यावर पुसलीत तर पसरेल. आधी पूर्ण कोरडं होऊ द्या. बडोद्यातच महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजी विभाग आहे, तिथे जाऊन विचारा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला सुरू झाला आणि चित्रं हजारोंनी निघाली, त्यामुळे बाजारात किंमत फार येणार नाही. घरातली आहे म्हणून जपा.

तुकोगंजवाला

इंदूरहून. भिया, कठड्याचं मी सांगतो, कारण साउथ तुकोगंजातल्या आमच्या घराचं हेच काम करून घेतलंय.

फायबरचा नाद सोडा. कठड्याला माणूस टेकतो, पोरं लोंबकळतात. बीड फुटलं की साध्या वेल्डिंगवाल्याकडेही नेऊ नका. तो दोन मिनिटांत जोडून देतो आणि थंड होताना टाक्याच्या शेजारी नवी चीर जाते, कारण बीड ठिसूळ, ताण सोसत नाही. तापवून निकेलच्या रॉडने जोडणारे असतात, नाहीतर थंडपणे पिना मारून शिवतात. दोन फुटक्या जाळ्यांचे सगळे तुकडे असतील तर हे होईल. तुकडे भंगारात गेले नाहीत ना?

हरवलेली जाळी नवीन ओतून घ्या. गुजरातेत राहून बिडाच्या फौंड्रीची काय चिंता, राजकोट-अहमदाबादला ढिगाने आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. शाबूत जाळीचाच साचा काढून ओतलंत तर नवी जाळी लहान येते. बीड थंड होताना फुटामागे साधारण अष्टमांश इंच आक्रसतं. आमच्याकडे तीन फुटी जाळी होती, खांबांमध्ये बसवायला गेलो तर बोट जाईल एवढी फट. मग पॅटर्नमेकरने लाकडात तेवढी वाढीव करून कोरली. आणि जाळीची खालची कड घासून बघा. आमच्यावर मॅकफार्लेन, ग्लासगो असं उठवलेलं निघालं. त्यांच्या सॅरसन फौंड्रीत नमुन्यांना नंबर असायचे, छापील कॅटलॉग होते, त्यावरून हरवलेला भाग नेमका कसा होता ते सापडू शकतं. विलायती ओतकामाचा आपल्या संस्थानांना नादच होता. आमच्या इंदूरच्या लालबाग पॅलेसचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावर बेतलेलं, तिकडे ओतून जहाजाने आणलेलं.

पण चुनखडीताई, एका बाबतीत तुमचं मत ऐकायचंय. आमचा इंदूरचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. मागचा भाग कित्येक वर्षं पडून होता. २००६-०७ च्या सुमारास तो परत उभा केला, वीट, चुना, लाकूड, जुन्या पद्धतीने. मी लहानपणी जळके वासे पाहिलेत, आणि आता तिथे उभं राहिलं की बरं वाटतं. काही शहाणे म्हणतात ही नक्कल आहे, जळलेलंच जपायला हवं होतं. मला नाही पटत. मग यांच्या भावाने चार कमानी काढल्या तर काय बिघडलं?

चुनखडी

तुकोगंजवाले, बिडाचं नेमकं सांगितलंत. नवीन जाळीच्या मागच्या बाजूला वर्ष मात्र कोरून घ्या, लहान अक्षरात. पन्नास वर्षांनी कुणी उघडेल त्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळायला हवं. लावण्याआधी प्रायमर झिंक फॉस्फेटचा. जुना रंग खरवडताना मास्क घाला, त्याच्या तळाशी शिशाचा लाल थर असणार.

राजवाड्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. तिथे पुढचा भाग उभा होता, मागच्या भागाचं जोतं होतं, मापं होती, फोटो होते, आणि ज्यांनी तो जळण्याआधी वापरला ते लोक हयात होते. शिवाय त्याच जातीचा माल वापरला. मला त्यात खोटं काही दिसत नाही. जळकं लाकूड पुढच्या पिढ्यांना दाखवत बसण्याची हौस ज्यांना आहे त्यांना त्या शहरात राहायचं नसतं.

धाकट्या भावाच्या मनोऱ्यांना असा कुठला आधार आहे? जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत एक साधी मर्यादा घातली आहे : अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा. तिथे लिहिलेलं सगळंच मला मान्य आहे असं नाही, युरोपातल्या दगडी चर्चवाल्यांनी लिहिलेलं आहे ते, पण एवढं पक्कं मान्य. हरवलेल्या जाळीला शेजारच्या जाळीचा पुरावा आहे. मनोऱ्यांना भावाच्या फोनमधल्या चित्रांचा. महसूल खात्यातल्या कारकुनाच्या घराला मनोरे चढवले तर ते घर ब्रिटिशही दिसणार नाही आणि बडोद्याचंही. लग्नाच्या हॉलसारखं दिसेल. होमस्टे जरूर काढा. पाहुण्याला दीड फुटी भिंतीची दुपारची गार खोली द्या, ती नव्या फ्लॅटमध्ये मिळत नाही.

विश्वामित्रीकाठ, एक विचारायचं राहिलं होतं. घराबाहेर जमीन कशी आहे? रस्ता वर आलाय का? पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडवलेत का? आणि जोत्याला हवेच्या जाळ्या आहेत का बघा, वीतभर रुंद, जमिनीपासून थोड्या वर.

विश्वामित्रीकाठ

सगळ्यांचे आभार. चुनखडीकाकू, तुम्ही विचारलंत म्हणून आज बाहेर वाकून बघितलं. पेव्हर ब्लॉक भिंतीला चिकटूनच आहेत, आणि रस्ता दोन-तीनदा वर आल्यामुळे आमचं अंगण जोत्याच्या निम्म्यावर आलंय. जाळ्या पुढच्या बाजूला दिसेनात. मागे एक सापडली, बिडाचीच, तिच्यात सिमेंट ठासलेलं. आई म्हणाली उंदीर येतात म्हणून कधीतरी बुजवल्या.

ग्लासातला प्रयोग केला. कोठीच्या खालच्या गिलाव्यात लाल कण निघाले, खिडकीच्या वरच्यात नाहीत. भावाला फोटो पाठवला, तो गप्प आहे. १९३४ च्या लग्नाचा एक फोटो सापडला, त्यात व्हरांडा पूर्ण दिसतो आणि कठड्याच्या जाळ्या सगळ्या सारख्याच आहेत, मनोरा-बिनोरा काही नाही. जाळीच्या कडेवर रंगाचे थर इतके आहेत की अक्षरं अजून लागली नाहीत. फुटक्या जाळ्यांचे तुकडे माळ्यावर आहेत, एक टोक सोडून सगळे.

लक्ष्मी आडवी ठेवली आहे. टेबलाला लगदा लावला, पहिल्या खेपेला डाग निम्मा उतरला.

कंत्राटदाराला मात्र चुन्याचं सांगितलं तर म्हणाला, त्याच्याकडचा एकही कडिया हे करणार नाही. माणूस कुठून आणू? आणि घर हेरिटेजच्या यादीत असेल तर परवानगी लागेल का?

पक्कं_काम

सासऱ्यांकडे जाऊन टाइलवर ठोकून बघितलं. खालच्या दोन ओळी पोकळ वाजतात. लोणा झाडायचं ते कोरड्या ब्रशने म्हणालात ना?

चुनखडी

हो, कोरड्या. पण तुमच्याकडे आधी टाइल काढावी लागेल. सासऱ्यांची समजूत काढायला शुभेच्छा.

विश्वामित्रीकाठ, भिंतीच्या कामाआधी बाहेरचं काम. ते स्वस्त आहे आणि उन्हाळ्यातच करायचं आहे. भिंतीपासून दीड फुटांचा पेव्हरचा पट्टा उचला, जोत्याच्या जाळ्यांच्या खालपर्यंत खणा, पायाला उघडं पाडू नका. त्यात खडी भरा आणि पाणी फाटकाकडे वाहील असा उतार द्या. पागोळ्यांचं पाणी त्या पट्ट्यात पडता कामा नये, पन्हळ तपासा. जाळ्या सगळ्या शोधून मोकळ्या करा. उंदरांसाठी आतून बारीक तारेची जाळी लावा, आईंची तक्रार खरी आहे. हे एवढं केलंत की पावसाळ्यात भिंतीत नवी ओल कमी शिरेल. याशिवाय केलेला कुठलाही गिलावा, चुन्याचा असो की सोन्याचा, फुकट.

माडीच्या तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे पोकरून बघायचं राहू देऊ नका. टोच्या सहज आत गेला तर सुताराला बोलवा. वलसाडी साग असेल तर बहुतेक शाबूत असेल, पण पुरानंतर वाळवी कुठून येईल सांगता येत नाही.

यादीचं महानगरपालिकेत जाऊन विचारा, तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, लेखी घ्या. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बडोदा शाखेत गेलात तर चुन्याचं काम केलेल्या माणसांची नावंही मिळतील. कंत्राटदाराचा कडिया करणार नाही कारण त्याला ठोक भाव हवा. चुन्याचं काम रोजावर द्यायचं असतं. मला खाजगी निरोप टाका, ज्याची थापी मी सांगितली त्याचा मुलगा काम करतो. बापाइतका कडक नाही, मोबाइलवर बोलत गिलावा करतो, पण हात चांगला आहे. त्याला विसार आत्ताच देऊन ठेवा. नवरात्रात तो गरब्याला जातो आणि दिवाळीआधी सगळं बडोदं त्याच्या मागे लागतं, तेव्हा दिवाळीनंतरच्या तारखा धरा. चुना विरवायला पिंप आणि कळी याच महिन्यात आणा, आणि पिंपावर झाकण ठेवा, नाहीतर तुमचं मांजर पडेल.